एक तरी ठेवा

माझा धंदा भूल देण्याचा. बॅग स्कूटरच्या हुकाला अडकवायची आणि या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पळायचं. समोरचा माणूस झोपला की मला पैसे मिळतात. हे भाग्य आमच्याकडच्या कीर्तनकारांनाही नाही. एवढ्या वर्षांत संभाजीनगरातल्या जवळजवळ प्रत्येक सर्जनच्या टेबलाशी, पेशंटच्या उशाला मी उभा राहिलोय. निम्म्यांचे चेहरे विसरलो, कारण मास्कच्या वर सगळे सारखेच दिसतात. पण बाईंना विसरायचं म्हटलं तर मलाच इंजेक्शन टोचून घ्यावं लागेल.

बाई स्त्रीरोगतज्ज्ञ. पाटीवर नावामागे डिग्र्यांची मालगाडी होती, पण कन्नडपासून पाचोडपर्यंतच्या बायका त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायच्या. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात, भांड्यांच्या दुकानाच्या वर त्यांचा दवाखाना. खाली पितळी हंडे आणि वर बाई, अशी आवाजाची चढाओढ दिवसभर चालायची आणि हंडे कायम हरायचे. बाई मूळच्या कन्नडच्या. लहानपणी घाटाच्या या अंगाला उभं राहून त्या अंगाच्या गुराख्याला हाक मारायची सवय, ती डॉक्टर झाल्यावरही सुटली नाही. मी शपथेवर सांगतो, बाईंनी वर ‘पुढची!’ म्हणून हाक दिली की खाली रस्त्यावर रिक्षांची रांग एक रिक्षा पुढे सरकायची.

बाईंच्या एप्रनच्या डाव्या खिशात स्टेथोस्कोप आणि उजव्या खिशात बदाम असायचे. ते खायला नव्हेत, शिकवायला. पेशंट समोर बसली की दोन बदाम टेबलावर टक्कन आपटायचे.

“हे बघ. पिशवीच्या ह्या अंगाला एक, त्या अंगाला एक. बीजकोश म्हणतात. एवढुसा! पण तुझी हाडं, तुझी झोप, तुझं काळीज, तुझं टाळकं, सगळं ह्याच्या रसावर चालतंय. लेकरं झाली म्हणून ह्याचं काम संपत नाय. फुकटचं सामान नाय ते!”

समजावून झालं की दोन्ही बदाम बाईंच्या तोंडात. दिवसाला पन्नास-साठ पेशंट. बाईंनी आयुष्यात एक ट्रकभर बदाम खाल्ले असतील असा माझा हिशेब आहे. कोपऱ्यावरचा सुक्यामेव्याचा दुकानदार बाईंचा माणूस पुडा न्यायला आला की ओळखायचा, आज ओपीडीला गर्दी आहे. आणि खेड्यापाड्यांत झालं काय, की बीजकोश, अंडाशय वगैरे शब्द राहिले पुस्तकात, बायका सरळ ‘बदाम’ म्हणू लागल्या. “माझ्या डाव्या बदामात दुखतंय बाई” असं एखादी म्हणाली की नव्या सिस्टरला वाटायचं, हिला आधी मानसोपचाराकडं पाठवावं.

आता बाईंना एवढं ओरडावं का लागायचं, ते सांगतो. आमच्या भागात एक काळ असा आला होता, की दोन लेकरं झाली की बाईची पिशवी काढायची, आणि पिशवीबरोबर बदामही काढायचे. अंगावरून जातंय, काढा. कंबर दुखतेय, काढा. लग्नात दोन बायका भेटल्या की “तुझी काढली का?” असं विचारायच्या, जसं काही नाकातली चमकीच. तिशीतल्या पोरी सगळं काढून यायच्या आणि वर्षा-दोन वर्षांत पन्नाशीच्या दिसायला लागायच्या. अंगाची आग, हाडं ठिसूळ, झोप नाही. बाईंचा जीव तुटायचा. आणि बाईंचा जीव तुटला की आवाज चढायचा.

आणि मग तो ट्रे. ऑपरेशननंतर काढलेला अवयव स्टीलच्या ट्रेमध्ये घेऊन बाहेर यायचं आणि नातेवाइकांना दाखवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. नातेवाईक वाकून बघतात, मान हलवतात. माल मिळाल्याची खात्री. बाई ज्या ऑपरेशनमध्ये काही काढायच्या नाहीत, त्यानंतर रिकामा ट्रे घेऊन बाहेर यायच्या. घासून लख्ख केलेला.

एकदा कन्नडहून एक कॉलेजची पोर आणली. पोटात अशी कळ, की ती एसटीत ओरडायला लागली आणि ड्रायव्हरनं स्टॉप न घेता गाडी थेट दवाखान्याच्या बोळात घातली. (बोळात एसटी मावत नाही हे मला माहीत आहे. त्या दिवशी मावली.) बीजकोशाला पीळ पडला होता. रक्त बंद, सगळा निळा-काळा. बाईंनी दुर्बिणीनं आत जाऊन पीळ सोडवला, वाट बघितली, रंग परत आला, आणि बाई रिकामा ट्रे घेऊन बाहेर.

पोरीचा मामा खवळला. “अवो बाई, एवढं पोटात शिरलात आन् काढलं कायच नाय?”

“तुझ्या विहिरीच्या दोराला पीळ पडला तर तू दोर फेकतो का रे?”

“नाय.”

“मग भाचीचं काय म्हणून फेकू? सडलं असतं तर फेकलं असतं. सडायच्या आत आणलीस, म्हणून रिकामा ट्रे. पाया पड त्या ड्रायव्हरच्या.”

याचा अर्थ बाई काढायच्याच नाहीत असा नव्हे. एका आजींच्या बीजकोशात अशी गाठ वाढली होती, की म्हातारपणी दिवस गेले म्हणून गावानं कुजबूज सुरू केली होती. ती गाठ ट्रेमध्ये मावेना. बाईंनी शेजारच्या बांधकामावरचं घमेलं मागवलं आणि ते घेऊन बाहेर आल्या. पू झाला, गाठ वाईट निघाली, काही वाचवण्यासारखं उरलंच नाही, तर बाईंचा हात क्षणभरही थांबायचा नाही. पण लोकांच्या लक्षात राहिला तो रिकामा ट्रेच.

आणि तो लोकांच्या डोक्यात कायमचा बसवला चंद्रकलानं.

चंद्रकला पाचोडची. आठवडी बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान. नवरा जीप चालवायचा. तिला कुणीतरी, बीजकोशात पाण्याची गाठ आहे, दोन्हीकडचं काढून टाका, असं सांगितलं होतं. बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, साधी गाठ आहे, येते तशी जाते, तीन महिन्यांनी ये. तीन महिन्यांनी गाठ गायब. झालं! त्या दिवसापासून चंद्रकला बाईंची प्रचारमंत्री. बांगड्या भरायला कुणीही हात पुढं केला की हात तिच्या मुठीत; गिऱ्हाईक जाणार कुठं? “कुठं काढायला चालली गं? आमच्या बाईंकडं जा. त्या कायच काढीत नायत!” नवऱ्याची जीप दर आठवड्याला पाचोडहून बायका भरून यायची, आणि बाई त्यांतल्या बहुतेकींना गोळ्या देऊन, शिव्या देऊन, बदाम दाखवून जशाच्या तशा परत पाठवायच्या.

मग चंद्रकलाची थोरली बहीण गेली. बीजकोशाचा कॅन्सर. पोटात पाणी भरलं तेव्हा कळलं, आणि तेव्हा उशीर झाला होता. आईही तशीच पोटात पाणी होऊन गेली होती. तेव्हा कुणी नावही सांगितलं नव्हतं. बहिणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की पाठच्या बहिणीचं रक्त तपासून घ्या. बाईंनी तपासून घेतलं. वारशानं येणारा दोष निघाला. आईकडून थोरलीला आला, तसाच हिलाही.

त्या दिवशी मी पुढच्या केसची वाट बघत बाईंच्या केबिनमध्ये चहा पीत होतो. बाईंनी बदाम काढले नाहीत. आवाजही चढवला नाही. तेव्हाच मी कप खाली ठेवला.

“चंद्रकला, आज तुझं सगळं ठणठणीत आहे. सोनोग्राफी साफ. पण हा दोष अंगात असला की पुढं तिथं कॅन्सर धरायची भीती लई मोठी असते. लेकरं झाली, चाळिशी आली. दोन्ही काढून टाकू, पिशवीकडं जाणाऱ्या नळ्यांसकट. पुष्कळदा सुरुवात नळीतच होते. पिशवी ठेवते. तिनं काय केलेलं नाय.”

चंद्रकला बघतच राहिली. “बाई, चांगलं असलेलं काढायचं?”

“व्हय.”

“तुम्ही म्हणताय हे?”

“मीच म्हणतेय.”

“फुकटचं सामान नाय म्हणता ना तुम्ही? आख्ख्या पाचोडला मी तेच सांगितलं की ओ! आता मी कोणत्या तोंडानं...” ती उठलीच. दारातून वळून म्हणाली, “तुम्ही माझ्या बाई नायत. तुम्ही दुसऱ्याच कुणीतरी हायत.”

ती परत आली नाही. आणि बाजारात बातमी पसरली, की बाई बदलल्या. कुणी म्हणे, नवी मशीन आणलीय, ती चालवून बघायचीय. कुणी म्हणे, वय झालं. जीप यायची थांबली. बाईंना जीपचं काही नव्हतं. पण आयुष्यभर ‘काढू नका’ म्हणून कमावलेला विश्वास, एका बाईचा जीव वाचवायला ‘काढा’ म्हटल्यावर उलटा फिरला होता, आणि चंद्रकला त्या विश्वासापायीच मरायला निघाली होती. बाईंचा आवाज इतका खाली आला, की खालचे हंडे पहिल्यांदा जिंकले.

शेवटी नवऱ्याचाच फोन आला. “बाई, ती माझं ऐकंना. मेव्हणीचे हाल म्या बघितलेत. कायबी करा.”

“बाजाराच्या दिवशी जीप घेऊन ये,” बाई म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, “तू पण चल. तुला बघितलं की पेशंट घाबरत नाहीत. हसतात.”

पाचोडचा बाजार म्हणजे मिरच्यांचा ठसका, शेळ्यांची ओरड आणि माणसांचा गोंधळ. त्यात ताडपत्रीखाली चंद्रकलाचं दुकान. बाई गेल्या आणि नमस्कार-चमत्कार न करता समोरच्या पोत्यावर बसल्या. सुट्टी म्हणून हातात बांगड्या होत्या. हात पुढं केला.

“भर.”

दुकानात आलेल्या सवाष्णीला नाही म्हणता येत नाही. चंद्रकलानं मुकाट्यानं बाईंचा हात धरला आणि जुन्या बांगड्या उतरवायला लागली. एकेक उतरवत गेली आणि शेवटची तशीच ठेवली. ती मागे सारून नव्या चढवायला घेतल्या, आणि मग तिला राहवेना.

“बघा, बाई. समद्या काढल्या, पण एक ठेवली का नाय? नवी चढेपर्यंत हात उघडा ठेवायचा नसतो. माझ्या सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. आन् तुम्ही माझ्या पोटातलं दोन्ही काढायला निघालात. मी एवढंच म्हणते, एक तरी ठेवा. तुमचं बी राहील, माझं बी राहील.”

आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. खरं सांगतो, मीही हलवली. इतकं रास्त बोलणं मी मेडिकल कॉलेजातही ऐकलं नव्हतं.

बाई भाव करण्यात अशा पक्क्या, की पेशंटनं ‘सगळं काढा’ म्हटलं की घासाघीस करून निम्मं-अर्धं तिच्या पोटात परत ठेवायच्या. त्या दिवशी मात्र एकदाच बोलल्या.

“चंद्रकला, बांगडी तडकली की आवाज होतो. तू बाजाराच्या त्या टोकाला असलीस तरी ऐकू येतो. हे आतलं तडकलं की आवाज होत नाय. सोनोग्राफीलाबी येत नाय. तुझ्या बहिणीला ऐकू आला का?”

चंद्रकलाचा हात थांबला.

“एक ठेवली तर तीच तडकणार नाय, असं मला लिहून दे. मी आत्ता परत जाते.”

“पण चांगलं असलेलं, बाई...” तिनं उचललेली बांगडी खाली ठेवली. “चांगलं असलेलं कुणी काढतं का हो? तुमच्या स्वतःच्या पोटाला तुम्ही लावू दिला असता हात?”

बाई उठल्या. “ये इकडं,” म्हणून तिला दंडाला धरून ताडपत्रीच्या मागे, जिथं जुन्या साडीचा पडदा होता, तिकडं नेलं. मला म्हणाल्या, “दुकान बघ.”

मी दुकान बघायला लागलो. एका बाईनं माझ्यापुढं हात केला, तर मी सवयीनं शीर शोधायला लागलो. तिनं ओरडून हात काढून घेतला. पण माझा कान पडद्याकडं होता, कारण आत काय चाललंय ते त्या अख्ख्या बाजारात मला एकट्यालाच माहीत होतं. काही वर्षांपूर्वी बाई ‘परिषदेला’ म्हणून पुण्याला गेल्या होत्या. ती परिषद एका मैत्रिणीच्या ऑपरेशन थिएटरात भरली होती, बाई स्वतः टेबलावर होत्या आणि भूल द्यायला त्यांनी मला इथून नेलं होतं. बाईंची आई गेली होती, मावशी गेली होती, आणि रक्तात तोच दोष निघाला होता. भूल चढता चढता बाई मैत्रिणीला सांगत होत्या, “उजवीकडची नळी नीट बघ गं.” मी आयुष्यात पोटात ठेवलेली एकुलती एक गोष्ट ती. ती बाहेर पडू नये म्हणून मी किती खोट्या गोष्टी सांगितल्या असतील, त्याला गणती नाही.

पडद्यामागून चंद्रकलाचा आवाज आला, अगदी दबका. ती हळू बोलली, ही पाचोडच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

“बाई... तुमचंबी?”

“दोन्ही. हे बघ, दुर्बिणीचे डाग. एवढेसे.”

“मग इतकी वर्सं आम्हाला का नाय सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुझ्या नवऱ्याच्या जीपमध्ये बसून सगळं पाचोड आलं असतं, बाईंसारखं आमचंबी काढा म्हणून. ज्यांना गरज नाय त्या पण. मी कुणाकुणाला थांबवलं असतं?”

“आन् तरास?”

“व्हय, होतो. खोटं नाय बोलत. अंगाची आग होते, झोप मोडते, हाडांना गोळ्या घ्याव्या लागतात. पहिली काही वर्षं रसाच्या गोळ्या देईन, बघत राहीन. पण जिवंत माणसालाच तरास होतो, चंद्रकला.”

मग पडद्यामागून रडायचा आवाज आला. दोघींपैकी कुणाचा, ते मी विचारलेलं नाही.

“कुणाला सांगायचं नाय,” असं ठरून आम्ही निघालो. जीप हमरस्त्याला लागायच्या आत मला वाळूजहून एका कंपाउंडरचा फोन: “सर, बाईंनी स्वतःचं काढलं म्हणे?” पुढच्याच आठवड्यात बोळात बायकांची झुंबड. “बाईंसारखं करा.” बाईंचा आवाज परत आला, असा आला की खाली एक हंडा शेल्फवरून पडला. “आई कशानं गेली? मावशी? बहीण? कुणीच नाय? मग कशाला आलीस? बस! हे बदाम बघ!”

चंद्रकलाचं ऑपरेशन झालं. टेबलावर घेतल्यावर सिस्टर म्हणाली, बांगड्या उतरवा. चंद्रकलानं मुठी वळल्या. सिस्टर बाईंकडं बघायला लागली, बाई माझ्याकडं. काचेच्या होत्या, ऑपरेशनच्या विजेच्या उपकरणानं चटका बसायचं भय नव्हतं. मी प्रत्येक हातात एकेक ठेवली आणि वरून बँडेज गुंडाळलं. बाई हात धुता धुता म्हणाल्या, “बाहेर एक ठेव. आत एकही नाय. मंजूर?” चंद्रकला म्हणाली, “मंजूर,” आणि मी तिला झोपवलं. बाहेर नवऱ्यानं ट्रे बघितला आणि हात जोडले. इतके छोटे असतात, असं म्हणाला.

रिपोर्ट यायला आठवडा लागला. ऐन थंडीचे दिवस. मी नेमका तिथंच होतो. बाहेरच्या बाकांवर बायका शाली लपेटून बसलेल्या, आणि त्यांच्यात चंद्रकला कपाळाचा घाम पुसत. बाईंनी लिफाफा उघडला, शेवटपर्यंत वाचला, पुन्हा वाचला.

“सगळं साफ. दोन्ही बीजकोश चांगले. नळ्याही चांगल्या.”

नवरा खुर्चीतच विरघळला. पण चंद्रकला भडकली. “म्हंजे उगाच काढलं?”

“व्हय,” बाई म्हणाल्या. “उगाच.”

“असं कसं म्हणता ओ? एवढी आग सोसतेय मी, रातभर डोळ्याला डोळा नाय, आन् आत कायच नव्हतं?”

बाईंनी रिपोर्ट तिच्या हातात दिला. चंद्रकलाच आपली कागदाकडं बघत, बाईंकडं बघत, हळूहळू थंड होत गेली. मग कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाली,

“माझ्या ताईचं कुणी असंच उगाच काढलं असतं तर?”

बाई खुर्चीवरून उठल्या, तिला धरून बाहेरच्या बाकावर आणलं, शेजारी बसल्या आणि भिंतीवरचं बटन दाबून पंखा फुल्ल सोडला. दोघी पदरानं वारा घेत डोळे मिटून बसल्या. समोरच्या बाकावर पाचोड, कन्नड आणि आसपासचे तालुके शालीत कुडकुडत होते, दातावर दात वाजत होते. पण पंखा बंद करा म्हणायची हिंमत एकीचीही झाली नाही.